वळणावर न मंदावलेली गाडी

१

धडक मारून पळालेला माणूस सापडत नाही, अशी तक्रार घेऊन लोक इन्स्पेक्टरबाईंकडे आयुष्यभर येत राहिले. अपघात विभागातून त्या निवृत्त झाल्या, तरी गल्लीने त्यांना काही निवृत्त होऊ दिलं नव्हतं. पण त्या दिवशी सकाळी रोपवाटिकेचे बुवा आले ते उलटीच तक्रार घेऊन.

"बाई, माझ्या काचघरात गाडी घुसली," बुवा दारातच म्हणाले. "आणि चालवणारी माणसं दोन सापडलीत."

"गाड्या दोन?"

"गाडी एकच. माणसं दोन. आणि दोघांचंही म्हणणं एकच, की गाडीत मी एकटाच होतो."

बाईंनी हातातला चहा खाली ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

काचघर उताराच्या पायथ्याशी होतं. रस्ता वरून सरळ खाली येतो आणि काचघरापाशी काटकोनात वळतो. गाडी मात्र वळली नव्हती. कुंपण मोडून तिने आपलं नाक काचेच्या भिंतीत खुपसलं होतं. पुढच्या फळीवरच्या कुंड्यांचा चुरा झाला होता. मागच्या फळीवर लिलीची नाजूक रोपं होती, ती मात्र जिथल्या तिथे उभी होती. वळणावर ओल्या पानांचा थर होता. वळणाच्या आधी ब्रेक लागल्याची एक रेघही रस्त्यावर नव्हती. पुसट फरफट होती ती थेट कुंपणाच्या तोंडाशी.

गाडी गल्लीतल्या घड्याळवाल्यांची होती, हे बाईंना सांगावं लागलं नाही.

"मी मागे पाणी घालत होतो," बुवा सांगू लागले. "काच फुटल्याचा आवाज आला. पुढे येईपर्यंत गाडीत कुणी नाही. दार सताड उघडं, इंजिन चालू. मी आत बसून किल्ली फिरवली. त्यातही गुडघा असा सडकून आपटला म्हणून सांगू! बरं, समोर तो काटा असतो ना, तिथे तीस आकडा दिसत होता. मी म्हटलं, गाडीचं डोकं फिरलं. एवढ्या गारठ्यात तीस अंश? माझ्या काचघरात नसतं एवढं ऊन!"

"आकडा कोणत्या रंगाचा होता?"

"पांढरा. शेजारी घड्याळासारखं चित्र आणि त्यावर बाण."

बाईंनी मान हलवली.

"थोड्या वेळाने पायवाटेने घड्याळवाले आले. धापा टाकत. म्हणाले, बुवा, माझी चूक, मीच चालवत होतो. मी त्यांना पाणी देतोय तोवर त्यांची लेक आली, रुग्णवाहिकेवरच्या गणवेशातच. ती म्हणते, काका, बाबांचं ऐकू नका, मी चालवत होते." बुवांनी एक फुटकी कुंडी उचलून बाजूला ठेवली. "बाई, काच काय, मी बसवून घेईन. पोलिसांत मला जायचं नाही. पण वीस वर्षं आम्ही संध्याकाळी पटावर बसतो. प्यादं सरकवताना हा माणूस कधी खोटं वागला नाही, आणि आज तो डोळ्यात बघून खोटं बोलतोय. शिवाय याच वळणावरून शाळेची पोरं चालत जातात. आज ती अजून यायची होती. उद्या कुणी तिथे असेल तर?"

तेवढ्यात उताराच्या वरच्या टोकाच्या खिडकीतून शिवणकाम करणाऱ्या ताईंनी हाक मारली. "बाई, गाडी कोण चालवत होतं ते मी नाही पाहिलं. पण ती कशी चालली होती, ते ऐकलंय. तशी गाडी मी आजवर नाही ऐकली."

२

ताईंची खिडकी बरोबर चढाच्या माथ्यावर होती. पहाटेपासून त्या मशीनवर बसत. या रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी त्यांच्या कानांवरून जाई.

"चढावर गाड्या दमतात," त्या म्हणाल्या. "मंदावतात. आणि उताराला लागल्या की पळत सुटतात. ही दमली नाही, पळालीही नाही. चढावर इंजिन कण्हत होतं, पण वेग तोच. उतारावर इंजिन गप्प झालं, तरी वेग तोच. सावकाश, एका तालात. मला वाटलं, कुणी तरी दोरीने ओढून नेतंय."

"आणि वळणाशी?"

"वळणाशीसुद्धा तोच ताल. मग काच."

खाली येताना बुवा कुजबुजले, "म्हणजे काय समजायचं?"

"क्रूझ कंट्रोल," बाई म्हणाल्या. "मोठ्या लांबलचक रस्त्यावरची चैन आहे ती. वेग ठरवायचा, बटण दाबायचं, पाय काढून घ्यायचा. चढ असो, उतार असो, गाडी आपणहून तोच वेग धरते. तुम्ही पाहिलेला तीस हा तिला सांगून ठेवलेला वेग होता. चालू असताना आकडा हिरवा असतो. ब्रेक दाबला की पांढरा होतो. म्हणजे चालवणाऱ्याने ब्रेक दाबला, पण फार उशिरा."

"मग त्यात वावगं काय?"

"वावगं हे की गल्लीबोळात ते कुणी वापरत नाही. असल्या साध्या गाडीला समोर काय आहे ते कळत नाही. वळण असो, ओली पानं असोत, पोर असो, ती आपली तीसने चालणार. तिथे माणसाचा पाय लागतो."

लेक कुंपणाशी काचा गोळा करत होती. बापासारखीच ताडमाड उंच. पुढच्याच आठवड्यात ती दूरच्या शहरात निघाली होती, रुग्णवाहिकेच्या नव्या चालकांना शिकवायच्या नोकरीवर. त्या नोकरीसाठी तिने किती धडपड केली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"बोल," बाई तिच्याशेजारी बसत म्हणाल्या.

"काय बोलू, मावशी? रात्रपाळी करून आले, घरी जाऊन गाडी काढली. डुलकी लागली. साठच्या वेगात होते, वळण दिसलंच नाही."

"साठच्या?"

"हो."

"साठने आली असतीस तर मागची लिली राहिली नसती, पोरी. पाण्याच्या टाकीपर्यंत गेली असतीस." बाईंनी तिच्या हातातला काचेचा तुकडा हळूच काढून घेतला. "क्रूझ लावतेस का कधी?"

"मी?" ती बेसावधपणे हसली. "छे! पाय मोकळा राहिला की माझा जीव घाबरा होतो. आमचा पाय कायम ब्रेकवर..."

आणि ती थांबली. आपण काय बोलून बसलो, ते तिला कळलं. डोळे भरून आले.

"एका अपघाताची नोंद झाली तर तुझी नवी नोकरी जाईल. ठाऊक आहे ना?"

"जाऊ दे."

"एवढं कुणासाठी?"

"मावशी, बाबा हल्ली विचित्र चालवतात. मी पाहिलंय. मुंगीच्या पावलाने, आणि चेहऱ्यावर घाम. काहीतरी झालंय त्यांना, आणि ते सांगत नाहीत." तिने बाईंचा हात घट्ट धरला. "तुम्ही त्यांना काही विचारू नका. मी म्हणतेय ना, मीच चालवत होते!"

३

बाई सरळ घड्याळवाल्यांकडेच गेल्या.

पुढच्या खोलीत भिंतभर घड्याळं टिकटिकत होती. घड्याळवाले टेबलापाशी बसले होते. समोर उघडलेलं मनगटी घड्याळ होतं, हातात चिमटा होता, पण काम काही चाललं नव्हतं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, एरवी आल्यागेल्याशी अखंड बोलणारी बाई. आज पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"मीच होतो," घड्याळवाले विचारायच्या आधीच म्हणाले. "क्रूझ लावला होता, तीसवर. वळणाशी काढायला विसरलो. झालं."

बाईंना धक्का बसला. क्रूझबद्दल त्या अजून घरात कुणाशी बोलल्याच नव्हत्या. माणूस खरं सांगत होता.

"गावात क्रूझ कशाला, घड्याळवाले?"

"आवडतं. यंत्र नीट चालताना बघायला आवडतं मला." ते उठले. "थांबा, तुमचं ते भिंतीवरचं दुरुस्त होऊन पडलंय. घेऊन जा."

ते आतल्या कपाटाकडे निघाले. दोन पावलं गेले आणि उजव्या पायातली चप्पल मागे राहिली. ते तसेच चालत गेले. एका पायात चप्पल, एक पाय गार फरशीवर अनवाणी, आणि गड्याला पत्ता नाही. वहिनी पुढे झाली, चप्पल उचलली, खाली वाकली, आणि त्यांच्या पायात सरकवली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात टेकला. दोघांनाही याची सवय झालेली दिसत होती.



"कधीपासून कळत नाही पायाला?" बाईंनी विचारलं.

कपाटाकडे निघालेले घड्याळवाले परत फिरून खुर्चीत बसले.

"लेकीला सांगू नका," ते म्हणाले. "साखरेने खाल्ली सगळी संवेदना. पाय पॅडलवर आहे की शेजारी, ते खाली बघितल्याशिवाय समजत नाही. मग मी बटणाने चालवायला लागलो. हाताला सगळं कळतं माझ्या. कसाबसा वेग धरायचा, तीस आले की बटण दाबायचं, मग पायाचं काम नको. ती गेली की रुग्णालयात दाखल होणार आहे. आधी कळलं तर ती जायची नाही. मला माझी पोर ठाऊक आहे."

सगळं जुळलं. बधिर पाय, तीसचा आकडा, दोरीने ओढल्यासारखी गाडी. बाई बाहेर आल्या, तेव्हा बुवा फाटकाशी वाट बघत गुडघा चोळत उभे होते.

"कळलं?"

"कळलं. त्यांनीच," बाई जड मनाने म्हणाल्या. मग त्यांची नजर बुवांच्या हाताखाली गेली. "गुडघ्याला काय लागलं हो? काच?"

"सांगितलं ना, गाडीत बसताना आपटला. स्टिअरिंग पार छातीला टेकलेलं. माझ्यासारख्या बुटक्यालाही आत शिरता येईना!"

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. बुवा घड्याळवाल्यांच्या खांद्याला जेमतेम लागत होते.

"बुवा," त्या म्हणाल्या, "तुम्ही सीट मागे-पुढे केलीत?"

"मला कुठे येतंय ते! मी किल्ली फिरवली आणि तसाच उतरलो."

४

दुपारी काचघरापाशी पाच माणसं जमली. बाईंनीच बोलावली होती. ऊन काचांच्या तुकड्यांवर चमकत होतं.

"कुणी काही बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं बसायचं."

आधी लेक. ती वाकून आत शिरायला गेली, पण मांडी स्टिअरिंगखाली मावेना. ती बावरून बाहेर आली.

"सीट जशीच्या तशी आहे," बाई म्हणाल्या. "घड्याळवाले, तुम्ही बसता?"

घड्याळवाले जागचे हलले नाहीत. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. ते बायकोकडे बघत होते.

"वहिनी," बाईंनी अगदी हळू आवाजात म्हटलं, "आता तुम्ही."

"आई?" लेक हसलीच. "मावशी, आईने लायसन्स काढलं तेव्हा मी पाळण्यात होते. बाबा नेमाने नूतनीकरण करून आणतात तेवढंच. तिने चाकाला हात लावलेला नाही."

वहिनी पुढे आली. पदर खोचला. दार ओढलं, आणि सीटवर अशी बसली जशी रोजच्या पाटावर बसावी. पाय बरोबर पोचले. हात न बघता स्टिअरिंगवर गेले.

लेकीचं हसू विरलं.

"मी होते," वहिनी समोर बघत म्हणाली. "मला रोज सकाळी, तू रात्रपाळीला असताना, हे शिकवत होते, स्वतः चालवतात तसंच, बटणाने. तू गेलीस, हे रुग्णालयात गेले, की जाणं-येणं मलाच करायचंय. किती दिवस लोकांच्या तोंडाकडे बघायचं? आज म्हटलं, यांना न उठवता एक चक्कर मारून यावी. परत येऊन उठवीन आणि सांगीन, बघा, एकटी जाऊन आले." तिने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. "धडकले. घाबरून पायवाटेने घरी पळाले. हे म्हणाले, तू घरातच थांब आणि तोंड उघडू नकोस."

"रुग्णालयात?" लेक म्हणाली. "बाबा कशासाठी दाखल होणार आहेत?"

वहिनीची नजर नवऱ्याच्या पायाकडे गेली, आणि अशी कितीतरी पावलं स्ट्रेचरवरून वाहून नेलेल्या लेकीला विचारायचं काही उरलं नाही. ती बापासमोर खाली बसली आणि दोन्ही हातांनी त्याचं पाऊल धरलं.

"आज गाडी बिघडली हो," वहिनी बाईंना कळवळून सांगत होती. "देवाशपथ बिघडली. एरवी वळण आलं की आपणहून मंदावते. रोज मंदावायची. मला काही करावंच लागायचं नाही. आज मी वाट बघत राहिले, आता होईल हळू, आता होईल, आणि ती झालीच नाही!"

बाई चमकल्या. "आपणहून मंदावायची? या वळणावर?"

"सगळ्याच वळणांवर."

बाईंनी वळून घड्याळवाल्यांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

५

"वहिनी, ही गाडी आपणहून मंदावूच शकत नाही," बाई म्हणाल्या. "हिला वळण दिसत नाही. डोळे असलेल्या गाड्या निघाल्यात, पण ही त्यातली नव्हे. आज ती बिघडली नव्हती. आज ती पहिल्यांदा तिच्या स्वभावाप्रमाणे वागली."

"मग रोज?"

"रोज तुमच्या डाव्या हाताला कोण बसायचं?"

वहिनीने मान वळवली.

"क्रूझ बंद करायचं बटण स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला आहे," बाई म्हणाल्या. "शेजारच्या माणसाचा हात सहज पोचतो. पण चालवणाऱ्याला न कळता ते दाबायचं, वळण झालं की पुन्हा वेग धरायचं बटण दाबायचं, आणि तेही रोज, हे येरागबाळ्याचं काम नाही. त्याला केसाएवढे स्क्रू फिरवणारी बोटं लागतात. म्हणून तर घड्याळवाले सकाळपासून म्हणतायत, मीच केलं. सीट कळल्यावर मला वाटलं खोटं बोलतायत. अर्धं तरी ते खरंच होतं."

"अर्धं कसलं," घड्याळवाले म्हणाले. "सगळंच."

ते गाडीच्या दाराशी आले आणि छताला धरून उभे राहिले.

"पहिल्या दिवशी वळण आलं आणि तू डोळेच मिटलेस," ते बायकोला म्हणाले. "मी बटण दाबलं. गाडी मंदावली. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, 'अगं बाई, हिला कळतं की!' आणि हसलीस. किती दिवसांनी हसलीस तशी. माझं पायाचं दुखणं निघाल्यापासून घरात ते हसू नव्हतं. म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगू. उद्याचं पुन्हा उद्या केलं. तू घाबरेनाशी झालीस, आणि मला सांगायचा धीर होईना."

वहिनीने स्टिअरिंगवरचं ते डावं बटण दाबून बघितलं.

"म्हणजे मी चालवतच नव्हते," ती म्हणाली.

"चाक तूच धरायचीस की."

"चाक धरायचे! लहान पोराच्या हातात खोटं चाक देतात तसं!" ती ताडकन बाहेर आली. गाल लाल झाले होते. "पोरं जातात या वळणावरून. माझ्या हातून काय होऊन बसलं असतं, कळतंय का तुम्हाला? भीती वाटत होती तर वाटू द्यायची होती. भ्यायले असते तर ब्रेकवर पाय तरी ठेवला असता मी!"

घड्याळवाल्यांनी मान खाली घातली. एवढ्या मोठ्या माणसाला असं उभं राहिलेलं बघून बुवांनी तोंड फिरवलं.

वहिनी धुसफुसत दोन पावलं लांब गेली, थबकली, परत आली. "चूक झाली म्हणा."

"चूक झाली."

"आणि ते 'तोंड उघडू नकोस'?"

"तीही झाली."

"मग असं उन्हात उभे राहू नका. पाय भाजला तरी कळणार नाही तुम्हाला." आणि तिने त्यांचा हात धरून त्यांना सावलीत नेलं.

लेक अजून जमिनीवरच होती. "मी जात नाही कुठे," ती म्हणाली. "नोकरीला कळवून टाकते."

"तू जाणार आहेस," वहिनी सावलीतून म्हणाली. आवाज आता शांत होता. "यांनी दुखणं लपवलं ते तू जावीस म्हणून. आता तूच राहिलीस तर या लपवाछपवीचा काय उपयोग झाला? मी शिकेन. नीट, पायाने." तिने बाईंकडे बघितलं. "शिकवाल?"

बाईंनी आयुष्यभर मोडलेल्या गाड्या तपासल्या होत्या. धड गाडी चालवायला त्यांना अजून कुणी शिकवायला सांगितलं नव्हतं.

"शिकवीन," त्या म्हणाल्या. "पण माझा ओरडा खावा लागेल."

६

ओरडा भरपूर झाला. रोज सकाळी बाजाराच्या मोकळ्या मैदानावर दुरुस्त करून आणलेली गाडी हिसके देत फिरायची, बाई डावीकडे बसून आरडाओरडा करायच्या आणि वहिनीही तितक्याच जोरात उत्तर द्यायची. आधी नुसता ब्रेक. मग गल्ली. मग चढ. वहिनी घाबरायची, घाम पुसायची आणि पुन्हा पाय ठेवायची. काचघराची भिंत लेकीने आणि बुवांनी मिळून उभी केली. घड्याळवाल्यांनी गाडीची किल्ली स्वतःच्या हाताने बायकोच्या पर्समध्ये टाकली, आणि बुवांना सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्या दिवशीच्या खोट्यासकट. बुवा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ठीक आहे. पट मांडा."

लेकीने नव्या नोकरीवर थोडी मुदत मागून घेतली आणि बापाचे रुग्णालयातले उपचार होईपर्यंत थांबली. ती निघाली त्या दिवशी बस-स्थानकावर तिला सोडायला गाडी वहिनीने काढली. बाई मागे, सामानाच्या गराड्यात. जाताना लेक पुढे बसली होती. हात मांडीखाली दाबून, एक शब्दही न बोलता. स्थानकावर तिने आईला मिठी मारली, आणि मग म्हणाली, "आई, आमच्याकडची निम्मी पोरं तुझ्याएवढं बघून चालवत नाहीत." वहिनी बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

परतीच्या वाटेवर रुग्णालय लागत होतं. घड्याळवाल्यांना त्या दिवशी घरी सोडणार होते. ते पुढच्या सीटवर बसले, पायाला जाड पट्टी, हात मांडीवर. रस्त्यावर वर्दळ होती. समोर सायकली, मध्येच थांबणाऱ्या बसगाड्या, अचानक रस्ता ओलांडणारी माणसं. वहिनी मंदावत होती, थांबत होती, पुन्हा निघत होती. बाईंना सवयीने सूचना द्यायची होती, पण एकही सापडेना.

बऱ्याच वेळाने वहिनीने आरशातून मागे बघितलं.

"हे बोलत का नाहीत? चिडलेत?"

बाईंनी पुढे वाकून बघितलं. घड्याळवाल्यांची मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं होतं. आणि गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर ते बिनघोर डुलत होते.

"झोपलेत," बाई म्हणाल्या.

वहिनीने एका हाताने त्यांच्याकडची खिडकी थोडी वर केली, वारा लागू नये म्हणून, आणि दोन्ही डोळे पुन्हा रस्त्यावर ठेवले.